नाताळची शांती आणि शांतता समितीची शांतता

ओडिशातल्या कंधमाल जिल्ह्यात ब्राह्मणीगाव नावाचं गाव आहे. २००७ च्या डिसेंबरात तिथल्या ख्रिस्ती लोकांनी नाताळसाठी मांडव घातला, कमानी उभ्या केल्या. रीतसर परवानगी घेऊन. हे लोक बहुतेक पाणो जातीचे, म्हणजे दलित. छोटामोठा व्यापार करून पोट भरणारे. त्यांच्या संघटनेचं नाव होतं आंबेडकर वणिक संघ. २४ डिसेंबरला त्या मांडवावरून वाद उकरून काढला गेला, दुकानं फुटली, आणि पुढच्या काही दिवसांत जिल्ह्यात ठिकठिकाणी चर्च आणि घरं जळाली.

आठ महिन्यांनी, २३ ऑगस्ट २००८ ला, विश्व हिंदू परिषदेचे स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती यांची हत्या झाली. माओवाद्यांनी ती आपण केल्याचं सांगितलं, पण सूड उगवला गेला तो ख्रिस्ती वस्त्यांवर. मृतांचा सरकारी आकडाच चाळिसाच्या घरात आहे. लोकांचा आकडा त्याहून बराच मोठा. ५० हजारांहून जास्त माणसं जंगलात आणि छावण्यांत गेली. त्यात दलित होते, आदिवासीही होते.

मग आल्या शांतता समित्या.

शांतता समिती म्हणजे काय हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. १४ एप्रिलच्या आधी पोलीस ठाण्यात बैठक बसते, चहा येतो, आणि मिरवणूक कोणत्या रस्त्यानं न्यायची नाही हे आपल्याला समजावून सांगितलं जातं. कंधमालमध्ये या समित्यांनी काय केलं, ते २०१० मध्ये दिल्लीत भरलेल्या लोकन्यायाधिकरणापुढे पीडितांनी सांगितलं. दिल्ली उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती ए. पी. शहा त्याचे प्रमुख होते. गावात परत यायचं असेल तर केस मागे घ्या, अशी अट अनेक गावांत घातली गेली. काही ठिकाणी दुसरी अट होती, हिंदू व्हा. झालं गेलं विसरा, सगळे मिळून राहू. या सगळ्याला नाव होतं शांतता.

पुढे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंधमालच्या नुकसानभरपाईचा निकाल देताना आकडे नोंदवले. नोंदवलेले गुन्हे ८२७. त्यातल्या ३१५ मध्ये आरोपपत्रच नाही. खटला पूर्ण झाला ३६२ प्रकरणांत आणि शिक्षा लागली फक्त ७८ मध्ये. दुसरीकडे स्वामींच्या हत्येसाठी सात गरीब ख्रिस्ती माणसांना जन्मठेप झाली आणि जामीन मिळेपर्यंत २०१९ उजाडलं.

दर डिसेंबरात शांती आणि क्षमा हे दोन शब्द शुभेच्छापत्रांवरून, शाळांच्या कार्यक्रमांतून, नेत्यांच्या संदेशांतून फिरत राहतात. आपल्यातले कितीतरी जण मिशनच्या शाळेत किंवा वसतिगृहात राहून शिकले. धर्म कुठलाही असो, नाताळची गाणी अजून पाठ आहेत. म्हणून हे दोन शब्द आपल्यालाही लागू होतात, आणि ते कोण कोणाला ऐकवतंय हे पाहिल्याशिवाय ते घेता येत नाहीत. माझं म्हणणं असं आहे की नाताळची शांती आणि शांतता समितीची शांतता एकमेकींच्या उलट आहेत, आणि हे ख्रिस्ती धर्मग्रंथातूनच दिसतं. त्यासाठी बाहेरचा कुठला सिद्धांत आणायची गरज नाही.

येशूच्या जन्माची गोष्ट आपण गोठा, तारा, मेंढरं एवढीच लक्षात ठेवतो. लूकचं शुभवर्तमान ती सुरू करतं सरकारी हुकमापासून. रोमचा सम्राट औगुस्त यानं नावनोंदणीचा आदेश काढला, म्हणून दिवस भरलेल्या बायकोला घेऊन एक सुतार दुसऱ्या गावाला निघाला. या औगुस्ताच्या काळाला इतिहासात रोमन शांतता म्हणतात. रोममध्ये त्याच्या नावानं शांतीची वेदीसुद्धा उभारली होती, ती आजही पाहायला मिळते. जिंकलेल्या लोकांनी कर भरायचा, मान खाली घालायची आणि बंड करणाऱ्यानं क्रुसावर जायचं, असा त्या शांततेचा करार होता. अशा काळात देवदूत पृथ्वीवर शांती आल्याचं सांगतात ते कोणाला? रात्री रानात मेंढरं राखणाऱ्यांना. औगुस्ताच्या राजवाड्यात आधीच एक शांती होती. तिथे ही दुसरी कोणी सांगायला गेलं नाही.

जन्माच्या आधी मरिया जे गीत गाते त्यात सत्ताधीश गादीवरून खाली ओढले जातात, भुकेले जेवतात आणि श्रीमंत रिकाम्या हातानं परत जातात. नाताळच्या स्नेहसंमेलनात हे गीत मी कधी ऐकलेलं नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात तर जन्मापाठोपाठ हत्याकांड आहे. हेरोद राजा बेथलेहेमची लहान मुलं मारतो आणि येशूचे आईबाप त्याला घेऊन मिसरला पळतात. पहिला नाताळ असा, निर्वासितांच्या छावणीच्या वाटेवरचा आहे. कंधमालच्या छावण्यांत नाताळ साजरा करणाऱ्यांना हे कोणी समजावून सांगावं लागलं नसेल.

येशूच्या लोकांचा शांतीसाठीचा शब्द शालोम. त्याचा अर्थ भांडण थांबणं एवढाच नाही. पूर्ण असणं, काही तुटलेलं नसणं, असा आहे. त्याच धातूपासून भरपाई करण्याचं क्रियापद होतं. जुन्या करारातल्या निर्गम पुस्तकात चोरलेल्या बैलाची, मेंढराची भरपाई किती पटीनं करायची याचे नियम आहेत, तिथे हेच क्रियापद येतं. म्हणजे शांती या शब्दाच्या पोटातच नुकसान भरून देणं आहे.

क्षमेचंही तसंच. येशूनं शिष्यांना शिकवलेली प्रार्थना मराठी बायबलमध्ये उघडून पाहा. मत्तयच्या पाठात पाप हा शब्द नाही, ऋण आहे. क्षमा म्हणजे कर्ज सोडणं. येशू ज्यांच्यात वावरत होता ती माणसं कर्जात बुडालेली, कर्जापायी जमीन गेलेली होती; त्यांना ही भाषा कळायला प्रवचन लागत नव्हतं. नासरेथच्या सभास्थानात तो यशयाचा जो भाग वाचतो, त्यात बंदिवानांच्या सुटकेसाठी ग्रीकमध्ये आफेसिस हा शब्द आहे, आणि नव्या करारात पापांच्या क्षमेसाठीही तोच शब्द येतो. त्यामागे लेवीय पुस्तकातला योबेल वर्षाचा नियम उभा आहे: पन्नासाव्या वर्षी गुलाम मोकळे आणि गहाण गेलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत. क्षमेची पाळंमुळं अशी जमिनीत आहेत.

आता हे आपल्या गावच्या भाषेत मांडू. कर्ज कोण माफ करू शकतो? ज्याचं येणं आहे तो. ज्याच्याकडे देणं आहे त्यानं परस्पर वही फाडून टाकली आणि वर येणेकऱ्याला मन मोठं कर म्हणून सांगितलं, तर त्याला माफी म्हणत नाहीत, बुडवणं म्हणतात. दलितांना क्षमेचा उपदेश होतो तेव्हा बहुतेक वेळा हेच चालू असतं. गावाकडे दलितांचं पिढ्यान् पिढ्यांचं येणं आहे आणि गावच सांगतं, जुनं उकरून काढू नका. शासनाकडे संरक्षणाचं येणं आहे आणि शासनच शांतता समिती बसवतं.

यावर एक जुना आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. क्रुसावर लटकलेल्या येशूनं मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली, तेव्हा कोणी पश्चात्ताप केलेला नव्हता, भरपाई दिलेली नव्हती. खरं आहे. पण ती क्षमा मागणारा स्वतः खिळलेला होता. पिलात त्याला म्हणाला नव्हता की यांना क्षमा कर म्हणजे प्रकरण मिटेल. आणि लूकच्याच शुभवर्तमानात येशू शिष्यांना सांगतो की भावानं अपराध केला तर आधी त्याला दटावा, मग पश्चात्ताप झाला तर क्षमा करा. दटावण्याची पायरी प्रवचनात गळून पडते. डोंगरावरच्या प्रवचनातली एक सूचना तर सरळ अपराध्यासाठी आहे: अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. चालत जायचं कष्ट इथे अपराध्याला आहेत.

क्षमेची गोष्ट निघाली की आपल्या देशात ग्लॅडिस स्टेन्स यांचं नाव निघतंच, आणि निघायला हवं. त्यांचे पती ग्रॅहॅम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन मिशनरी ओडिशात बारीपाद्याला कुष्ठरोग्यांची सेवा करत. २२-२३ जानेवारी १९९९ च्या रात्री क्योंझर जिल्ह्यातल्या मनोहरपूरमध्ये ते आणि त्यांची दोन मुलं गाडीत झोपली असताना जमावानं गाडी पेटवली. फिलिप १० वर्षांचा, टिमोथी ६ वर्षांचा. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना माफ केल्याचं जाहीर केलं आणि त्या कुष्ठरोग्यांचं काम करत भारतातच राहिल्या. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांच्या क्षमेकडे नीट पाहिलं पाहिजे. ती त्यांनी स्वतः दिली, स्वतःच्या दुःखातून, कोणी समिती बसवून घेतलेली नाही. आणि क्षमा वेगळी, कायद्याचे परिणाम वेगळे, हा फरक त्यांनी राखला. खटला चालला, दारा सिंगला २००३ मध्ये फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेत बदलली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जन्मठेप कायम केली. पद्मश्री देणाऱ्या देशानं मात्र त्यांच्या क्षमेतला सोयीचा अर्धा भागच उचलला. शाळेच्या भाषणांत क्षमा येते, खटला येत नाही.

आणखी एक गोष्ट खटकते. गोऱ्या बाईनं क्षमा केली तर ती महानता ठरते. कंधमालच्या दलित किंवा आदिवासी विधवेनं केली तर त्याची बातमीसुद्धा होत नाही, कारण तिच्याकडून ती गृहीतच धरलेली असते. तिनं नाही म्हटलं तर मात्र बातमी होते: गावाची शांतता बिघडवणारी बाई. यात ग्लॅडिस यांचा दोष काही नाही. कोणाची क्षमा दान आणि कोणाची क्षमा कर्तव्य हे आपल्याकडे जात ठरवते.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं. १ जानेवारी १९३८ ला सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींचा आपल्यावर प्रभाव असल्याचं सांगितलं, आणि त्याच भाषणात ख्रिस्ती समाज म्हणून तुम्ही सामाजिक अन्यायाविरुद्ध कधी लढला नाहीत हेही तोंडावर सुनावलं. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवरच्या त्यांच्या लेखात मुद्दा अजून खोल जातो. अस्पृश्याला त्याच्या भोवतालच्या समाजानं आणि धर्मानं खाली दाबलं. तेव्हा त्यानं तो भोवताल बदलायला उठलं पाहिजे. पण चर्चमध्ये त्याला शिकवलं जातं की माणसाचं पतन पापामुळे झालं आणि पापाला इथे क्षमा आहे. परिणाम असा की ज्याच्यावर अन्याय झाला तोच स्वतःची पापं मोजत बसतो आणि अन्याय करणाऱ्याचं पाप हिशेबात येतच नाही. या लेखावर ख्रिस्ती विचारवंतांनी पुढे पुष्कळ काम केलं. दलित ईश्वरविज्ञान नावाची शाखाच १९८० च्या दशकापासून उभी राहिली. पण रविवारच्या प्रवचनापर्यंत ते किती झिरपलं याबद्दल मला शंका आहे.

कारण चर्चवरही येणं आहे. तमिळनाडूत अनेक गावांत दलित ख्रिस्ती आणि सवर्ण ख्रिस्ती यांची कब्रस्तानं वेगळी, काही ठिकाणी मधे भिंत. एरैयूर या गावात दलित कॅथलिकांनी स्वतःसाठी वेगळी पॅरिश मागितली, तेव्हा मार्च २००८ मध्ये हिंसाचार झाला आणि पोलीस गोळीबारात दोघांचा जीव गेला. हल्ला करणारेही कॅथलिकच, वन्नियार जातीचे. मिस्सामध्ये प्रसाद घेण्याआधी एकमेकांना शांती देण्याचा विधी असतो. शेजारच्याकडे वळून हात जोडायचे किंवा हात मिळवायचा. ज्या चर्चमध्ये दलितांची बसायची जागाच वेगळी, तिथे हा हात कोणापर्यंत पोहोचत असेल?

२०१६ च्या डिसेंबरात भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं आणि चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते हे लेखी मान्य केलं. याचं मोल मी कमी करत नाही. इतक्या मोठ्या धर्मसंस्थेनं असं कबूल करणं आपल्या देशात दुर्मीळच. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला यांच्या रूपानं पहिला दलित कार्डिनल झाला. पण कबुली आणि भरपाई यांच्यात अंतर आहे, आणि ते मोजायचं माप बायबलमध्येच आहे. जक्कय नावाचा श्रीमंत जकातदार येशूला घरी जेवायला नेतो आणि उठून सांगतो की माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो. त्यावर येशू म्हणतो की आज या घराला तारण मिळालं. मिशनच्या नावावरच्या शाळा, महाविद्यालयं, जमिनी आणि तिथल्या नोकऱ्या यांचा हिशेब या मापानं करून पाहायला हवा. त्या संस्थांमध्ये दलित ख्रिस्ती मुलं किती, शिक्षक किती, प्राचार्य किती?

आणि शासनाचं देणं तर कागदावरच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख, १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. नवबौद्धांना ३४ वर्षं काय भोगावं लागलं हे आपल्या घरातली म्हातारी माणसं सांगतील. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेर आहेत. रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ मध्ये धर्माची अट काढायची शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून याचिका आहे. २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला, मग मुदतवाढ. दर्जा नाही म्हणून आरक्षण नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षणही नाही. पाणो दलित ओडिशाच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे, ख्रिस्ती पाणो नाही. घर जाळणाऱ्यानं त्याची जात पाहिली, कायदा त्याचा धर्म पाहतो. सरकार म्हणतं धर्म बदलला की जात गेली. कब्रस्तानातली भिंत तसं म्हणत नाही.

म्हणूनच आंध्र आणि तमिळनाडूत कितीतरी मुलांची दोन नावं असतात, एक चर्चच्या वहीत आणि एक जातीच्या दाखल्यावर. ही मुलं पदवीधर होतात, नोकरीला लागतात आणि गळ्यातला क्रूस शर्टाच्या आत ठेवतात. त्यांच्या वर्गातले सवर्ण मित्र याला लबाडी म्हणतात. आपल्यातलेही काही जण म्हणतात, आणि ते बरं नाही. दाखल्यासाठी श्रद्धा लपवायला लावणारा कायदा सोडून लपवणाऱ्या मुलाला धरणं, हे त्या शांतता समितीसारखंच झालं.

महाविद्यालयात, विद्यापीठात, पहिल्या नोकरीत आपल्याला जी माफी मागितली जाते तिचाही चेहरा ओळखीचा आहे. कोणी जातीवरून बोललं, तुम्ही लेखी तक्रार दिली, की दोन दिवसांत केबिनमध्ये बैठक लागते. समोरचा अर्धवट सॉरी म्हणतो, तेही कुणाला वाईट वाटलं असेल तर, अशी अट घालून. मग सगळे तुमच्याकडे बघतात. आता तुम्ही मोठेपणा दाखवायचा, तक्रार मागे घ्यायची, करिअरकडे लक्ष द्यायचं. तुम्ही पहिल्या पिढीचे; घरी फोन केला तर आई म्हणणार, जाऊ दे बाळा, मिटवून टाक. तिची भीती खरी आहे, तिला दोष देऊ नये. पण केबिनमधल्या त्या खुर्च्यांवर बसलेल्यांना विचारता येतं की चौकशी कधी, लेखी काय, आणि बदली कोणाची. हे विचारल्यावर मनात राग ठेवायचा की सोडायचा, तो ज्याचा त्याचा प्रश्न. राग सोडूनही तक्रार चालू ठेवता येते.

आंध्र प्रदेशातल्या चुंडूरच्या दलितांनी तसंच केलं. ६ ऑगस्ट १९९१ ला तिथे रेड्डी जमावानं आठ माला दलितांना मारलं. मृतांच्या नावांत बायबलमधली नावं आहेत. त्या वस्तीवर तडजोडीसाठी दबाव, पैसा, मध्यस्थ सगळं आलं. लोकांनी खटला आपल्या गावातच चालवा अशी मागणी लावून धरली आणि विशेष न्यायालय खरोखरच चुंडूरमध्ये बसलं. ३१ जुलै २००७ ला २१ जणांना जन्मठेप झाली. एप्रिल २०१४ मध्ये उच्च न्यायालयानं सगळ्यांना सोडलं. पीडितांच्या बाजूनं सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली गेली. दर वर्षी ६ ऑगस्टला लोक त्या आठ जणांच्या स्मारकापाशी जमतात.